सातव्या थराची हाडं

गुरुवार, १० जुलै

"जड झालीस गं."

एवढंच बोलली ममताताई, आमची कोच, आणि मला खाली ठेवलं.

आज गुरुपौर्णिमा, दहीहंडीच्या सरावाचा पहिला दिवस. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि ताईनं नेहमीप्रमाणे वरच्या मुलींना एकेक करून कमरेला धरून उचललं. तिच्याकडे काटाबिटा नाही. तिचे हातच काटा. म्हणते, मशिनवर वजन कळतं, भार हातालाच कळतो. मागच्या वर्षी मला उचलून म्हणाली होती, "पीस आहेस पीस." ते मी वर्षभर जपून ठेवलं. लग्नाच्या पोरी कानातले जपतात तसं. आणि आज हे.

यंदा सात थर लावायचेत. आमच्या पथकाचे आजवर सहाच झाले. वर दोन एक्के — म्हणजे त्या थरात एकटीच मुलगी उभी. सहाव्यावर जागृती, तिच्या खांद्यावर सातवी मी. वरची मी म्हणजे खालच्या सगळ्यांच्या अंगावर मी. त्यामुळे ताई चुकीचं काहीच बोलत नाहीये. चूक माझ्या मांड्यांची आहे.

पेढा खाल्ला नाही. रुमालात बांधून आणला आणि गेटवरच्या कुत्र्याला घातला. त्याचं वजन कोण उचलून बघतंय.

शनिवार, १२ जुलै

ठरलं. सकाळी ऑफिसच्या आधी पळायचं — मीरा रोडच्या आमच्या बेव्हर्ली पार्कातून मेन रोडपर्यंत आणि परत. आल्यावर गच्चीवर दोरीच्या उड्या. संध्याकाळी सराव आहेच. भात बंद. साखर बंद. डबा ऑफिसातल्या बबनकाकांना. ते म्हणतात, "क्षितिजा, तुझ्या आईच्या हाताला चव आहे हो." माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त माहीत.

बाबा खूश. म्हणाले, "पळ, उड्या मार. या वयात केलेला व्यायाम हाडांत साठतो. आमच्या ऑफिसात तिशीतली पोरं कंबर धरून बसतात." बाबांना सगळं व्हॉट्सॅपवर कळतं, पण हे खरं असावं. मला तर वाटतं माझी हाडं लोखंडाची आहेत. एवढा व्यायाम आमच्या बिल्डिंगमध्ये कोण करतं? जिमवाले दिपेशदादासुद्धा नाही. ते फक्त आरशात बघतात.

रविवार, २० जुलै

आज सहा थर पहिल्याच दमात लागले. वरून बघितलं तर शाळेच्या मैदानाची भिंत, भिंतीपलीकडे गाड्या, आणि खाली ममताताईचं वर केलेलं तोंड. वर गेलं की आवाज येत नाही. म्हणजे येतो, पण आपल्यासाठी नसतो. तिथं कुणी मला ए, ऐक, हे कर, ते आण म्हणत नाही. मी फक्त उभी असते. हे मी कुणाला सांगत नाही, हसतील.

उतरताना उजव्या नडगीत काहीतरी टोचलं. सुईसारखं. बाम लावलाय.

बुधवार, २३ जुलै

ताईनं उचललं. "आता बरं आहे." आज रात्री झोप लागेल.

शुक्रवार, २५ जुलै

श्रावण लागला. देवानं माझ्यासाठीच पाठवला असं वाटतंय. आता कुणी विचारायचं नाही, का जेवत नाहीस. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मी म्हटलं, तिन्ही करते. आईनं डोक्यावरून हात फिरवला. समोरच्या सुगंधाकाकूंना दारातच सांगितलं, "आमच्या क्षितिजाला सांगावं लागत नाही. स्वतःहून करते." काकूंची पोरगी बर्गर खात होती, तिला दोन शब्द ऐकावे लागले माझ्यामुळे.

आज जिवतीची पूजा. आई हळद-कुंकू लावताना म्हणाली, "तुझं बाई बरं आहे. एका सणाला आड येत नाहीस. मी तुझ्या वयाची होते तेव्हा नेमकी मंगळागौरीलाच बाजूला बसायचे."

मी हसले. आड येण्यासारखं काही उरलंच नाहीये. जानेवारीत शेवटची पाळी आली. नंतर नाही. आधी भीती वाटली, मग सोय वाटायला लागली. सरावाला सुट्टी नाही, पोटात दुखणं नाही, आईचं कौतुक फुकटात. महिन्याला एकदा पॅड कागदात गुंडाळून टाकते, आईला संशय नको म्हणून. हे लिहिताना जरा घाण वाटलं. पण खरं आहे.

सोमवार, २८ जुलै

उपास. पाणी आणि एक केळं. सकाळी पळताना पाय दुखला, पुढे पुढे बधिर झाला. बधिर बरा.

बुधवार, ३० जुलै

जागृतीला कळलं. कळणारच होतं. तिच्या खांद्यावर माझे पाय असतात, तिच्यापासून काय लपणार?

जागृती उत्तनची, भाईंदरपलीकडच्या कोळीवाड्यातली. घरची बोट. लहानपणापासून मासळीची टोपली डोक्यावर घेऊन गाडी गाठलेली, त्यामुळे तिचे खांदे म्हणजे ओटा. रोज तिथून बस पकडून सरावाला येते आणि तरी आमच्या आधी पोचते. आज थर उतरल्यावर मला बाजूला घेतलं.

"तुजा उजवा पाय कापतोय गो."

"तुझा खांदा हलत असेल."

"माजा खांदा न्हाय हलत. बोटीवर उभी राहते मी." मग माझं मनगट धरलं. अंगठा आणि करंगळी एकमेकांना लागली. "जेवतेस का न्हाय?"

मी म्हटलं, श्रावण आहे, उपास आहेत. तर म्हणते, "सोमवार आमच्यात पण करतात. पण उपास करतात, उपाशी न्हाय मरत."

चिडले मी तिच्यावर. ती सहाव्या थराला आहे, तिला काय कळणार. तिला कुणी पीस म्हटलेलं नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

तिनं ओढूनच नेलं डॉक्टरकडे. मीरा रोडच्याच आहेत, डॉ. शुभदा. खेळाडूंची हाडं बघतात. मी म्हटलं, मी कुठली खेळाडू. तर त्या म्हणाल्या, "सातव्या मजल्यावर खिडकीशिवाय उभी राहतेस, मग कोण आहेस?" बाई आवडल्या, हे आधी लिहून ठेवते. कारण पुढचं आवडलं नाही.

नडगी दाबली. मी ओरडले. एका पायावर उडी मारायला लावली. नाही मारता आली. मग खाण्याचं विचारलं — मी खोटं सांगितलं. पाळीचं विचारलं — "येते वेळेवर." जागृती माझ्याकडे बघत राहिली. तिला पाळीचं माहीत नव्हतं, पण माझं खोटं तिला ओळखू येतं.

पायाचा एमआरआय लिहून दिलाय, आणि हाडं किती भरीव आहेत ते बघायचा एक वेगळा स्कॅन. म्हातारबायांचा असतो तो! मी एकवीस वर्षांची आहे.

मंगळवार, ५ ऑगस्ट

एमआरआय आणि तो स्कॅन, दोन्ही झाले. वेटिंगमध्ये सगळ्या आज्या. एकीनं विचारलं, "कुणाबरोबर आलीस बाळा?"

बुधवार, ६ ऑगस्ट

रिपोर्ट आले, लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

नडगीच्या हाडाला बारीक तडा आहे. रोजच्या माराने पडलेला. आणि हाडं पातळ. डॉक्टर म्हणाल्या, "तुझ्या वयाच्या मानानं बरीच कमी." मी भांडलेच त्यांच्याशी. म्हटलं, मी रोज पळते, उड्या मारते, व्यायामानं हाडं मजबूत होतात ना? सगळे तर तेच सांगतात.

"होतात. अगदी होतात. तुझ्या वयाला तर सगळ्यात जास्त. पळलीस, उडी मारलीस की हाडाला मार बसतो, आणि हाड म्हणतं, चला, इथं भर घालायला हवी. तिशीच्या आत जेवढं जमवशील तेवढंच पुढे जन्मभर पुरवायचं. पण गवंडी कामावर लावलेस आणि विटाच दिल्या नाहीस तर ते काय करतील? आहे त्याच भिंतीतल्या काढतील." मग चष्मा काढून म्हणाल्या, "आता खरं सांग. पाळी कधी आली होती?"

सांगितलं.

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, शरीराला खायला पुरत नाही तेव्हा ते आधी पाळी बंद करतं. आणि पाळी आणणारं जे रसायन, तेच हाडंही सांभाळतं. ते गेलं की हाड विरघळायला लागतं. "व्यायामाची चूक नाही, बाळा. उपाशीपोटी व्यायामाची आहे."

निदान दीड महिना चढणं, पळणं, फार चालणं बंद. "आणि हंडी?" मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं — वर असताना हे हाड पूर्ण मोडलं तर तू उभी राहू शकणार नाहीस.

हंडी पुढच्या शनिवारी, १६ला. वरच्या मुलीला कमरेला बेल्ट असतो, दोरी वर क्रेनला. माझा पाय मोडला तर बेल्ट मला धरेल. जागृतीला कोण धरणार? तिच्या खालच्यांना?

मी नाही सांगणार कुणाला. एकच दिवस आहे. एक सलामी. दहा दिवस हे हाड टिकलं पाहिजे, बस. मग हवं तर वर्षभर प्लास्टरमध्ये झोपते.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. जागृतीनं उत्तनला बोलावलं होतं. बोटी सजवलेल्या, बँड, सोन्याचा कागद लावलेला नारळ. तिच्या आईनं, सत्यवतीमावशींनी, मला समोर बसवून नारळीभात वाढला. माझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या ते बघून म्हणाल्या, "पोरीच्या हातात बांगडी राहत न्हाय. घरी कोण हाय का न्हाय बघणारा?" मी दोन घास खाल्ले. डोळ्यांत पाणी आलं. इतकं गोड, इतकं गरम. तिसरा घास घेतला असता तर थांबले नसते, म्हणून हात धुतले.

मग किनाऱ्यावर जागृतीला शपथ घातली. ममताताईला सांगायचं नाही, पथकात सांगायचं नाही, माझ्या घरी सांगायचं नाही. तिनं आधी नाही म्हटलं. मी म्हटलं, सात थर झाले नाहीत तर मी कोण आहे गं? सीएच्या ऑफिसात एन्ट्र्या मारणारी. तिनं वाकून लाटेत हात बुडवला. मग म्हणाली, "न्हाय सांगणार. दर्याची शपथ."

दर्याची शपथ ते लोक मोडत नाहीत. मला एकदम मोकळं वाटलं. आणि त्याच वेळी कसंतरीही वाटलं.

रविवार, १० ऑगस्ट

लागले! सात लागले!

खाली मॅट होत्या, मी पाय घट्ट बांधला होता, दोन गोळ्या घेतल्या होत्या. वर उभी राहिले, हात वर केला. ममताताई खाली लहान पोरीसारखी नाचत होती. तिनं तिच्या काळात पाच लावलेले, तेव्हा बायकांना लोक हसायचे. खाली आल्यावर मला मिठी मारून म्हणाली, "तुझ्यामुळं हे बघितलं."

कसं सांगू तिला? तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं.

जागृती खुशीत नव्हती. जाताना एवढंच म्हणाली, "आज खाली मॅट होती."

बुधवार, १३ ऑगस्ट

पायऱ्या चढताना कठडा धरावा लागतो. आईनं विचारलं तर म्हटलं, पाय मुरगळलाय. हळद-तुरटीचा लेप लावून दिला. लेप लावताना माझ्या पायाकडे बघत होती. "किती बारीक झालीस," म्हणाली. मग स्वतःच, "श्रावणाचं तेज आलंय पण तोंडावर." तेज नाही, आई. हाडं दिसतायत.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

उद्या. टी-शर्ट मिळाले. माझ्यावर सात आकडा आहे.

भीती वाटतेय. लिहून टाकते म्हणजे इथंच राहील. मला पडायची भीती वाटत नाही. वरून जागृती पडताना दिसेल, याची वाटते.

तरी चढणार.

शनिवार, १६ ऑगस्ट

काय लिहू.

मीरा रोडची मोठी हंडी. डीजे, पाणी मारणारे टँकर, क्रेन. खाली मॅट नाही, रस्ता. पहिले चार थर बसले, पाचवा बसला. जागृती सहाव्यावर जाऊन बसली. वरचे थर आधी बसलेलेच असतात, वरचीनं खांद्यावर पाय ठेवला की मग एकेक थर उभा राहतो. मी पाचव्यापर्यंत पोचले. तिच्या पाठीला हात लावला, आता खांद्यावर जायचं, एवढंच.

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि हात खाली करून इशारा दिला — उतरवा.

मी ओरडले, "जागृती, काय करतेस?" ती हललीच नाही. खांदा दिलाच नाही. दोन्ही हातांनी स्वतःचेच खांदे धरून बसली. खालून ताईची शिट्टी वाजली आणि एकेक थर उतरला. नीट उतरला, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माइकवाला म्हणाला, "ताईंनी प्रयत्न छान केला, पण थोडी हिंमत कमी पडली, टाळ्या वाजवा." लोक हसले.

खाली ताईनं जागृतीला सगळ्यांसमोर खडसावलं. वर्षभराची मेहनत, एवढ्या मुली, एवढी माणसं — का? जागृती म्हणाली, "भ्यायले मी."

भ्यायली! जी भर पावसात बोटीच्या काठावर चालते ती भ्यायली. स्वप्नाली, आमच्या तळाच्या थरातली, तिच्यासमोर थुंकली. जागृतीनं हेल्मेट काढून पथकाच्या मॅनेजरच्या हातात दिलं आणि उत्तनच्या बसला चालत गेली.

आणि मी गप्प बसले. एक शब्द नाही बोलले.

रविवार, १७ ऑगस्ट

जागृतीला ग्रुपमधून काढलं. तिच्याबद्दल जे लिहिलंय ते इथं उतरवत नाही. "मासे विकायला जा" सगळ्यात सौम्य.

तिला फोन केला. आधी भांडलेच. म्हटलं, शपथ घेतली होतीस. तर शांतपणे म्हणाली, "सांगायचं न्हाय अशी घेतली होती. न्हाय सांगितलं. खांदा द्यायचा अशी कुठं घेतली?"

ती पुढे म्हणाली, "तुजा पाय माज्या खांद्यावर असतो गो. तो मोडला तर आवाज पहिला माज्याच कानी येणार. तो आवाज मना न्हाय ऐकायचा."

दुपारी जेवताना आई म्हणाली, "ती कोळणीची पोर, ऐन वेळी शेपूट घातलं बघ. तुझी वर्षभराची तपश्चर्या वाया." आणि मला वाढू लागली ते वरीचे तांदूळ — कालच्या शनिवारच्या उपासाचे राहिलेले. माझ्या आवडीचे म्हणून. मी ताट ढकललं. सगळं बोलले. तडा, स्कॅन, डबे, पाळी, कागदात गुंडाळलेले कोरे पॅड. ताई उचलून बघते ते. पेढा कुत्र्याला घातला तेसुद्धा.

बाबा उठून गॅलरीत गेले. आई म्हणाली, "हळू बोल. सुगंधाकडे ऐकू जाईल." मग म्हणाली, "पाळीचं कुणाला सांगू नकोस. उद्या स्थळं बघायचीत."

मला हसू आलं. रडूही. आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. माझं हाड मोडलंय आणि हिला स्थळाची पडलीये. खूप राग आला आईचा. अजून आहे.

सोमवार, १८ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. सकाळी उठले तर टेबलावर भात. वाफाळता, वर तूप, मेतकूट. आई समोर बसली होती. डोळे सुजलेले.

"आज सोमवार आहे," मी म्हटलं.

"शंकर बघून घेईल. खा."

खाल्लं. पूर्ण. पोटात दुखलं इतकं खाल्लं.

संध्याकाळी ममताताईच्या घरी गेले, रिपोर्ट घेऊन. आईला म्हटलं, तू नको येऊस, पण आली. ताईनं रिपोर्ट वाचला. तिला सगळं कळलं नसेल, पण "फ्रॅक्चर" कळलं आणि तारीख कळली. ६ ऑगस्ट.

"हे माहीत असून रविवारी चढलीस?"

"हो."

"आणि तिला माहीत होतं?"

"हो."

ताई उठून पाणी प्यायली. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर चाललं असतं. म्हणाली, "तू पडली असतीस तर मी जन्मभर..." आणि थांबली. मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाली, "आम्हालाही असंच उचलून बघायचे गं. मला वाटलं असंच करतात."

मी तिथंच बसून ग्रुपवर लिहिलं. जागृती भ्यायली नव्हती, भ्यायला हवं होतं मी, माझ्या पायाला तडा आहे, मी लपवलं, तिनं तुम्हा सगळ्यांना वाचवलं. रिपोर्टचा फोटो टाकला. पाळीचंही लिहिलं. पाठवायच्या आधी आईकडे बघितलं. वाटलं, फोन हिसकावून घेईल. तिनं तोंड फिरवलं, पण "नको" म्हणाली नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

एकेक करून खासगी मेसेज. तिसऱ्या थरातली एक, चौथ्यातल्या दोघी. "माझीपण चार महिने नाही." "माझीपण."

शनिवार, २३ ऑगस्ट

ताई उत्तनला गेली होती. काय बोलणं झालं, जागृती सांगत नाही. एवढंच — "आधी शिव्या दिल्या. मग रडली. मग आईनं जेवायला वाढलं." स्वप्नालीही गेली होती ताईच्या मागे. दारात उभी राहिली म्हणे, आत ये म्हणेपर्यंत आली नाही.

मी नाही गेले. फार चालायला बंदी आहे, हे कारण. खरं कारण लाज. मग जागृतीच आली सुके बोंबील घेऊन. आमच्याकडे गणपतीपर्यंत मासळी चालत नाही. आईनं घेतले, डब्यात घालून गॅलरीत ठेवले. म्हणाली, "गणपती गेले की तुझ्या हातनंच करून घालशील हिला. मला तसा रस्सा येत नाही." जागृतीला आईनं अगं बाळा म्हटलं. आठवड्यापूर्वी ती कोळणीची पोर होती.

गुरुवार, ११ सप्टेंबर

डॉक्टरांकडे आई बरोबर. मला वाटलं होतं, गप्प बसेल. तर पहिला प्रश्न तिचाच — "मी हिच्या उपासांचं कौतुक करायचे. पाळी दिसत नाही याचंही. माझ्यामुळं झालं का?"

डॉक्टर म्हणाल्या, कुणामुळं हे विचारून हाड भरत नाही. तडा भरत आलाय. पाळी अजून नाही. वेळ लागेल, काहींना महिने लागतात. हाडाचं काय, ते वर्षभरानं बघू. "वय तुझ्या बाजूचं आहे अजून. पण वाट बघत बसणार नाही ते."

आता हळूहळू व्यायाम सुरू. आधी चालणं, मग वजनं, मग उड्या. मी विचारलं, उड्या? "उड्या लागतीलच. त्यांनीच भर पडणार आहे. पण रिकाम्या पोटी एक जरी मारलीस तर मला कळव."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "रोज मी येईन गच्चीवर. मला उडी येत नाही, पण डबा घेऊन बसेन."

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. आईचे नऊ दिवसांचे उपास. मला सक्त मनाई. सुगंधाकाकूंनी विचारलं, "यंदा क्षितिजा नाही करत?" आई म्हणाली, "नाही. ती जेवते." आवाज असा, की काकूंनी पुढे विचारलं नाही.

आरशात गाल दिसायला लागलेत. मधूनच आवडत नाहीत. एखादा दिवस असा येतो की सगळं ओकून टाकावंसं वाटतं, परत पीस व्हावंसं वाटतं. काल तसा होता. जागृतीला फोन केला. ती आपली बांगडे किती मिळाले ते सांगत बसली. तेवढ्यात ती वेळ गेली.

पाळी नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

नाही. आई विचारत नाही, पण सकाळी बाथरूममधून बाहेर आले की तोंडाकडे बघते. मी मान हलवते. ती देवाकडे वळते. मला कधीच येणार नाही का? एवढं लिहून थांबते.

मंगळवार, ३० सप्टेंबर

अष्टमी. घरात घट, नैवेद्याची तयारी, आई सोवळ्यात. आणि सकाळी — आली. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

स्वयंपाकघराच्या बाहेरच उभी राहिले, देव्हारा आतच आहे. म्हटलं, "आई, मी आड आले."

आई पूजेवरून तशीच उठली. घटापुढची साखर घेऊन बाहेर आली, माझ्या तोंडात घातली. मग ओल्या हातांनी मला कमरेला धरलं आणि उचललं. जेमतेम वीतभर.

"जड झालीस गं," म्हणाली, आणि खाली ठेवेना.